परूश्याला भटजीचा वेष कशासाठी?

आमच्या मंडळीत दर वर्षी उपकारस्तुतीच्या उपासनेला जोडून संडे स्कूलची मुले एक नाटिका करतात आणि तिचा विषय बहुतेक वेळा लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी (येशूच्या काळच्या एका यहूदी धार्मिक पंथाचा माणूस) आणि जकातदार यांचा दाखला हाच असतो. जकातदार झालेल्या मुलाने कोपऱ्यात उभे राहून, मान खाली घालून छाती बडवायची, आणि परूशी झालेल्या मुलाने मंचाच्या मधोमध येऊन मोठ्या आवाजात स्वतःची थोरवी गायची. या परूश्याचा वेष गेली कित्येक वर्षे ठरलेला आहे: धोतर, उपरणे, कपाळाला गंध आणि टोपीला शिवलेली काळ्या लोकरीची शेंडी. तो मंचावर आला की सभागृहात हशा पिकतो. ती शेंडी शिवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते आणि हसणाऱ्यांत मीही होते.

हा वेष आता बदलायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि त्यामागे कोणाच्या भावना दुखावतील एवढेच कारण नाही. तो वेष पाहणाऱ्याला दोन असत्य गोष्टी एकदम शिकवतो. परूशी म्हणजे पोकळ कर्मकांडात अडकलेला ढोंगी माणूस, ही पहिली. आणि येशूच्या काळचा यहूदी धर्म म्हणजे आपल्याकडच्या जातिव्यवस्थेचीच एक आवृत्ती, ही दुसरी. गेल्या साठ वर्षांत नव्या कराराच्या अभ्यासात जे काम झाले, त्याच्या मोठ्या भागाने या दोन्ही समजुतींचा पाया काढून घेतला आहे. ते काम मराठी उपदेशपीठापर्यंत अजून पोहोचलेले नाही, याची मला खंत वाटते.

परूश्याचे हे चित्र शुभवर्तमानांतून सरळ आपल्या हाती आले असे आपण धरून चालतो, पण ते बरीच वळणे घेत आले आहे. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाने नव्या करारातल्या पौल प्रेषिताच्या पत्रांत स्वतःची लढाई वाचली. एका बाजूला पापक्षमेच्या पत्रांचा बाजार आणि पुण्यसंचयाची कल्पना, दुसऱ्या बाजूला केवळ विश्वासाने नीतिमान ठरणे. या वाचनात पौलाचे यहूदी विरोधक आपसूक लूथरच्या विरोधकांच्या जागी जाऊन बसले. लूथरला कृपेचा जो अर्थ गवसला त्याचे मोल मी कमी लेखत नाही, पण त्यानेच १५४३ साली यहूद्यांविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकात त्यांची सभास्थाने जाळण्याची शिफारस केली आहे, हेही विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्वानांनी या वाचनाला इतिहासाचे रूप दिले. येशूच्या काळातल्या यहूदी धर्माला ते ‘उत्तरकालीन यहूदी धर्म’ म्हणत, जणू तो तिथेच संपला, आणि देवाच्या वहीत पुण्य जमा करण्यापलीकडे ज्याला काही सुचत नाही असा भयग्रस्त धर्म म्हणून त्याचे वर्णन करत. १९२१ साली जॉर्ज फूट मूर या अमेरिकन अभ्यासकाने एका दीर्घ लेखात या परंपरेचा समाचार घेतला आणि हे वर्णन इतिहास नसून वादविवादाचे हत्यार आहे हे दाखवून दिले. त्याचा फारसा परिणाम झाला नाही. १९३९ साली जर्मनीत आयझेनाख येथे, ख्रिस्ती जीवनातून यहूदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पाठबळावर एक संस्था उभी राहिली. तिचे विद्याविषयक नेतृत्व वाल्टर ग्रुंडमान या नव्या कराराच्या प्राध्यापकाकडे होते, आणि पुढच्याच वर्षी तिने यहूदी खुणा गाळलेला नवा करार छापला. वर्गात शिकवलेले चित्र कुठपर्यंत जाऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

युद्धानंतर प्रश्न नव्याने विचारले गेले. १९६३ साली क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश लूथरन विद्वानाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पौलाला अपराधी मनाने पोखरलेले नव्हते, असे त्यात त्याने म्हटले. उलट फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आपण नियमशास्त्रातील नीतिमत्त्वाविषयी निर्दोष होतो, असे पौल मोकळेपणाने सांगतो. ‘माझे तारण कसे होईल’ हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. यहूदी नसलेल्या लोकांना इस्राएलाच्या देवाच्या घरात कोणत्या वाटेने प्रवेश मिळणार, हा होता. १९७७ साली ई. पी. सँडर्स यांनी मिश्ना (रब्बींच्या, म्हणजे यहूदी धर्मगुरूंच्या, शिकवणुकीचे प्राचीन संकलन), मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्या आणि त्या काळचे इतर यहूदी लेखन सविस्तर तपासून निष्कर्ष मांडला की यहूदी विचारात देवाची निवड आणि करार आधी येतात आणि आज्ञापालन नंतर. घरात जन्मलेले मूल घरचे नियम पाळते ते घरात जागा मिळावी म्हणून नव्हे, घर त्याचे आहे म्हणून. हे समजायला विद्वान असण्याचीही गरज नाही, कारण दहा आज्ञांची सुरुवातच मुळी आज्ञेने होत नाही. ‘तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा मीच’ या स्मरणाने होते. सुटका आधी, आज्ञा मागाहून.

मग पौल ज्या ‘नियमशास्त्रातील कृत्यां’विरुद्ध एवढ्या तळमळीने लिहितो ती कोणती? जेम्स डन यांनी १९८२ साली मँचेस्टरच्या एका व्याख्यानात उत्तर सुचवले की गलतीकरांस पत्रात ही कृत्ये म्हणजे पुण्याची कमाई नसून मुख्यत्वे सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) आणि खाण्यापिण्याचे नियम आहेत, म्हणजे यहूदी माणसाला भोवतालच्या समाजापासून वेगळे ओळखू देणाऱ्या खुणा. पौलाचा आक्षेप या खुणांवर नव्हता, त्या यहूदीतरांवर लादण्यावर होता. १९९४ साली त्याच मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेल्या एका पत्राची संहिता प्रकाशित झाली आणि तीत ‘तोराहची (म्हणजे नियमशास्त्राची) काही कृत्ये’ असा नेमका तसाच शब्दप्रयोग आढळला. तिथेही चर्चा आहे ती शुद्धतेच्या आणि अर्पणांच्या ठरावीक नियमांची, ज्यांच्यावरून लिहिणारा गट इतरांपासून वेगळा झाला होता.

डन यांचे हे विवेचन वाचताना मला मँचेस्टरपेक्षा अलिबाग जवळचे वाटले. कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहूदी समाजाला शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जे थोडे लोक वाचले त्यांचे आपण वंशज, असे हा समाज परंपरेने सांगतो. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू भाषा विस्मरणात गेली, नावगावे मराठी झाली, तरी शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. दावीद राहाबी हा परदेशी यहूदी त्यांच्याकडे आला तेव्हा त्याने परीक्षा म्हणून घरातल्या बायकांपुढे मासळी ठेवली आणि त्यांनी पंख आणि खवले नसलेले मासे निवडून बाजूला काढले, अशी आख्यायिका आहे. त्या बायका त्या क्षणी पुण्य कमावत नव्हत्या. आपण कोण आहोत हे त्यांच्या हातांना ठाऊक होते, एवढेच. पुस्तके नसताना ज्या खुणांनी एक समाज शेकडो वर्षे टिकून राहिला, त्यांना ‘मृत कर्मकांड’ म्हणण्याची हिंमत मला आता होत नाही. मुंबईत १७९६ साली बांधलेले सभास्थान याच समाजाचे आहे आणि त्याच्या मराठीत हिब्रू प्रार्थनांची भाषांतरे झाली, कीर्तनेही रचली गेली. ‘यहूदी’ हा शब्द मराठीत उच्चारताना आपण दूरच्या कोणाबद्दल नव्हे, मराठी बोलणाऱ्या माणसांबद्दलच बोलत असतो.

परूश्यांविषयीची ऐतिहासिक माहिती तर आपल्या नाटिकेच्या अगदी उलट आहे. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस सांगतो की परूशी शिक्षा देताना सौम्य असत, सामान्य लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि त्यांची संख्या सहा हजारांच्या वर होती. कुमरानचे लोक ज्यांना ‘गुळगुळीत अर्थ शोधणारे’ म्हणून हिणवतात, ते परूशीच असावेत असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे त्या काळच्या कडव्या मंडळींना परूशी फार ढिले वाटत होते. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा, किंबहुना मोडलाच पाहिजे, हे तत्त्व मिश्नात स्पष्ट आहे, आणि ‘शब्बाथ तुमच्या स्वाधीन केला आहे, तुम्ही शब्बाथाच्या स्वाधीन नाही’ असे एका रब्बीचे वचन आहे, जे मार्कच्या दुसऱ्या अध्यायातल्या येशूच्या शब्दांचे सख्खे भावंड शोभावे. ढोंगी परूश्यांच्या सात तऱ्हा सांगून त्यांची थट्टा खुद्द तालमूद या रब्बींच्या ग्रंथानेच केली आहे. नव्या करारातही चित्र एकरंगी नाही: हेरोद तुला मारायला पाहतो, इथून निघून जा, असे येशूला सावध करणारे परूशीच होते, प्रेषितांना सोडून द्या, असे न्यायसभेत सांगणारा गमलियेल परूशी होता, आणि पौल सभेसमोर ‘मी परूशी आहे’ असे वर्तमानकाळात म्हणतो, ‘होतो’ असे म्हणत नाही. २०१९ साली रोममध्ये यहूदी आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी केवळ या एका विषयावर परिषद भरवली आणि २०२१ साली एमी-जिल लव्हाइन आणि जोसेफ सीव्हर्स यांच्या संपादनाखाली तिचा ग्रंथ निघाला. पोप फ्रान्सिस यांनीही त्या परिषदेला दिलेल्या संदेशात परूश्यांविषयीच्या साचेबद्ध प्रतिमेचा प्रश्न उपस्थित केला होता.

हे सारे ध्यानात घेऊन दाखला पुन्हा वाचला की त्याची धार परत येते. आठवड्यातून दोनदा उपास करणारा, सगळ्या उत्पन्नाचा दशमांश देणारा हा माणूस ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने आदर्श होता, आणि जकातदार रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांची पिळवणूक करणारा. नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, हे ऐकून लोक हादरले असतील. परूशी मंचावर येताक्षणीच जर आपण हसलो, तर हादरायला काही उरतच नाही. आपण त्या मुलाकडे बोट दाखवून, आपण तसे नाही याबद्दल मनोमन देवाचे आभार मानत घरी जातो.

आता शेंडीविषयी. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण आमच्या मंडळीतली बहुतेक कुटुंबे ज्या समाजांतून आली त्यांनी अस्पृश्यता पिढ्यानपिढ्या सोसली आहे. परूश्याला भटजीचा वेष देणाऱ्या पहिल्या माणसाच्या मनात काय असेल ते मी समजू शकते. ज्याने आपल्याला देवळाच्या पायरीपासून दूर ठेवले त्याला शुभवर्तमानात ओळखून काढण्याची ती धडपड होती. ती ओळख पटवण्यासाठी उपदेशक सहसा जुन्या करारातल्या लेवीयच्या पुस्तकातल्या शुद्ध-अशुद्धाच्या नियमांकडे बोट दाखवतात: येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, रक्तस्रावाने पीडित स्त्रीचा स्पर्श मानून घेतला, म्हणजे त्याने यहूद्यांची शिवाशिव मोडली. ऐकायला हे प्रभावी आहे, पण खरे नाही.

जेकब मिलग्रोम, जोनाथन क्लॉवन्स आणि अलीकडे मॅथ्यू थीसन यांच्या अभ्यासातून लेवीयची शुद्धता नीट उलगडली आहे. बाळंतपण, मासिक पाळी, वीर्यस्खलन, प्रेताचा स्पर्श यांनी माणूस अशुद्ध होतो. पण यातले काहीच पाप नाही. आईबापांना मूठमाती देणे कर्तव्यच आहे आणि तरी ते करणारा सात दिवस अशुद्ध असतो. ही अशुद्धता महायाजकालाही लागते, म्हणूनच प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या रात्री त्याला झोपू देत नसत, असे मिश्ना सांगते. आणि ती जाते: पाण्याने, सूर्यास्ताने, ठरलेले दिवस सरल्याने. तिला मराठीत शब्द शोधायचा तर तो ‘अस्पृश्यता’ हा नाही, ‘सोयरसुतक’ हा आहे. आपली अडचण अशी की ‘विटाळ’ हा एकच शब्द पाळीलाही वापरला गेला आणि माणसाच्या जातीलाही, आणि म्हणून दोन अगदी भिन्न गोष्टी आपल्या कानाला एकसारख्या ऐकू येतात. यहूदी समाजात जन्माधारित भेद नव्हतेच असे नाही, याजकपद वंशपरंपरेनेच चाले. पण जन्मभर आणि पिढ्यानपिढ्या न जाणारा विटाळ म्हणून एका अख्ख्या समाजाला वेशीबाहेर ठेवणे, हे लेवीयमध्ये नाही.

हा फरक आपल्याला परक्या विद्वानांकडूनच शिकायला हवा होता असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो काटेकोरपणे मांडला आहे. जन्म, मृत्यू, पाळी अशा प्रसंगांनी येणारी तात्पुरती अशुद्धता जगभरच्या प्राचीन समाजांत होती आणि तिला शुद्धीचा उपाय होता. हिंदू समाजातली अस्पृश्यता वंशपरंपरागत आणि कायमची आहे, तिला कोणतेही पाणी धुऊ शकत नाही, आणि म्हणून ती वेगळ्याच जातीची गोष्ट आहे, हा त्यांचा मुद्दा. बेने इस्राएलांचा इतिहासही याला पुष्टी देतो. त्यांच्यात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा रोटीबेटीचा भेद पडला, तो भोवतालच्या गावगाड्याच्या सहवासात.

येशूने शुद्धतेचे नियम धुडकावले असते तर बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला त्याने याजकाकडे जाऊन मोशेने नेमलेले अर्पण करायला कशाला सांगितले असते? रक्तस्रावाने पीडित स्त्रीने मागून येऊन ज्या गोंड्याला हात लावला, तो गणनेच्या पुस्तकातल्या आज्ञेप्रमाणे वस्त्राला लावलेला यहूदी माणसाचा गोंडा होता. येशू तो लावून फिरत होता. थीसन म्हणतो की येशूने शुद्धतेच्या व्यवस्थेशी झुंज घेतली नाही, ज्या रोगामुळे आणि मरणामुळे अशुद्धता येते त्यांच्याशी घेतली. मला हे वाचन पटते, आणि यात येशू लहान होत नाही.

माझ्या ओळखीचे एक वयस्कर पाळक यावर म्हणाले की हे सारे विद्वत्तेचे झाले, पण परूश्याच्या उदाहरणाने आमच्या माणसांना जातीविरुद्ध बोलायला शब्द दिले, ते तुम्ही काढून घेऊ नका. या आक्षेपाचा मी पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे की जातीविरुद्ध बोलायचे तर जातीचेच नाव घेऊन बोलले पाहिजे. परूश्याच्या आडून बोलल्याने दुहेरी नुकसान होते. ज्यांनी आपल्यावर कधी अस्पृश्यता लादली नाही त्या यहूद्यांवर तिचा आळ येतो. आणि जात ही शेंडीवाल्या परक्याची गोष्ट ठरते, मंडळीतली नव्हे. प्रत्यक्षात लग्नाची बोलणी सुरू झाली की आमच्यात अजूनही ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो. त्या प्रश्नावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशूच परूश्यांना ढोंगी म्हणतो, त्याचे काय, असे कोणी विचारील. ते शब्द आहेत आणि ते गाळावेत असे मी म्हणत नाही. पण तो घरातला वाद आहे. तुकोबांनी भोंदू साधूंवर कोरडे ओढले म्हणून वारकरी पंथच ढोंगी, असा अर्थ महाराष्ट्रात कोणी काढत नाही, कारण बोलणारा कोण आणि कोणाच्या मायेपोटी बोलतो हे आपल्याला कळते. तेच शब्द बाहेरच्याच्या तोंडी गेले, आणि त्यातही राजसत्ता हाती आलेल्या बाहेरच्याच्या, की त्यांचा अर्थ पालटतो. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने यहूदीतरांना नेमके हेच बजावले आहे: तू रानटी जैतुनाची कलम केलेली फांदी आहेस, मुळाला तू आधार देत नाहीस, मूळ तुला देते.

अभ्यासकांचे या सगळ्यावर एकमत झाले आहे, असा आव मला आणायचा नाही. सँडर्सनी विविध यहूदी विचारांना एकाच साच्यात बसवले, ही टीका रास्त आहे. पॉला फ्रेडरिक्सन यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते पौलाने यहूदी धर्म कधी सोडलाच नाही, तर काहींना लूथरचे वाचन आजही अधिक बरोबर वाटते. मला सर्वांत जास्त शिकवले ते जॉन बार्कले यांच्या २०१५ सालच्या कृपाविषयक ग्रंथाने. प्राचीन जगात देणगी म्हणजे आपल्याकडच्या लग्नातला आहेर. कोणी काय दिले ते वहीत टिपले जाते, देताना समोरच्याची योग्यता पाहिली जाते आणि परतफेडीची अपेक्षा असते. देवाची कृपा यहूदी लेखकांना चांगलीच ठाऊक होती, पण ती योग्य माणसाला मिळते की अयोग्यालाही, यावर त्यांच्यातच मतभेद होते; त्या यहूदी चर्चेत पौल ठामपणे म्हणतो की ख्रिस्तात देवाने घेणाऱ्याची लायकी पाहिलीच नाही. म्हणजे पौलाचे शुभवर्तमान तेजस्वी दिसावे यासाठी यहूदी धर्माला काळे फासण्याची गरज उरत नाही. जातीच्या उतरंडीत ज्यांची लायकी जन्मानेच ठरवली गेली अशा माणसांच्या मंडळीला तर हे वाचन मिळायलाच हवे.

मराठीत हे काम करण्यासाठी लागणारी परंपरा आपल्याकडे आहे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र मुळातून आणले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. आज अपेक्षा त्याहून पुष्कळ लहान आहे. पाळकांच्या प्रशिक्षणात परूश्यांवर एक नवा मराठी पाठ असावा. ‘तोराह’चा मूळ अर्थ शिकवण असा आहे आणि ‘नियमशास्त्र’ या शब्दात तो अर्धाच उतरतो, अशी टीप भाषांतराखाली छापावी. आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकांतली चित्रे बदलावीत.

या वर्षीच्या नाटिकेची वही माझ्याकडे आली आहे. पात्रांच्या यादीत परूश्यापुढे जुन्या अक्षरात ‘धोतर, उपरणे, शेंडी’ असे होते. ते खोडून मी लिहिले आहे: इस्त्रीचा पांढरा सदरा, बगलेत पवित्र शास्त्र, हातात दशमांशाचे पाकीट.